सूर्याकडे पाठ

सकाळी अकराच्या सुमारास सहाही खांबांवरच्या सोलर पॅनलांनी सूर्याकडे पाठ केली आणि ती घराकडे वळली. आभाळ लख्ख होतं, वारा पडलेला. तेवढ्यात ताई स्वयंपाकघराच्या दारातून ओरडली, "अरे, बॅटरी उतरतेय का? मशीन शिट्टी मारायला लागलंय!"

फिटर कुंपणाशी सामान आवरत होता. त्याने मान वर केली आणि पाना हातातच राहिला.

मशीन दाजींचं होतं. ताईच्या नवऱ्याची फुफ्फुसं हळूहळू निकामी होत चालली होती, आणि हवेतला ऑक्सिजन गाळून देणाऱ्या त्या पेटीवर त्यांचा श्वास चालायचा. वस्तीपासून लांबच्या या घरात लाइन कधी जाईल याचा नेम नसे. आजही ती पहाटेच गेली होती. म्हणूनच फिटरने बहिणीच्या अंगणापलीकडे स्वतः खड्डे घेतले, काँक्रीट भरलं, पोलादी खांब ओळंब्यात उभे केले. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर फिरती चौकट, चौकटीला मोटर, वरच्या कडेला काडेपेटीएवढा सेन्सर. जिकडे प्रखर उजेड, तिकडे पॅनलाचं तोंड.

चूक कुठे झाली ते त्याला लगेच सुचलं, आणि जरा हायसंच वाटलं. चाचणीच्या दिवशी ढग होते. अशा वेळी फिटर लोक मोठा दिवा घेऊन खांबांसमोरून चालतात. हाच सूर्य, असं मोटरी चालवणाऱ्या कंट्रोलरला शिकवायचं, सगळे खांब नीट वळतात का पाहायचं आणि मग ती शिकवण पुसून टाकायची. त्या दिवशी दिवा घेऊन चालायचा हट्ट दाजींनी धरला. नाकात नळी, पाठीला लहान सिलिंडर, आणि त्यांच्या मागोमाग माना वळवणारे खांब.

"बघा मेहुणे," ते धापा टाकत म्हणाले होते, "लग्नातसुद्धा माझ्याकडे कुणी इतकं निरखून पाहिलं नव्हतं. सगळे तुमच्या बहिणीकडेच बघत होते."

"आणि मी जेवणाकडे," ताई म्हणाली होती.

हसण्याच्या भरात शिकवण पुसायची राहून गेली होती.

आता त्याने कंट्रोलरची पेटी उघडली, सगळं पुसलं, पुन्हा चालू केलं. पॅनलं थरथरली, निमूटपणे सूर्याकडे निघाली. अर्ध्यावर थांबली. मग परत फिरली ती थेट खिडकीकडे. खिडकीत दाजी खुर्चीवर बसले होते. दिवा तर फिटरच्या गाडीत होता, विझलेला, पोत्याखाली.

"ताई, पडदा ओढ!"

पडदा ओढला. फरक पडला नाही. "त्यांना मागच्या खोलीत ने बरं जरा."

ताईने खुर्ची ढकलत नेली. घराच्या भिंतीआड काहीच दिसत नव्हतं, पण पॅनलं खुर्चीबरोबर सरकली. खुर्ची थांबली असावी तिथे थांबली.

फिटरने पहिल्या खांबाला शिडी लावली आणि मोटरची वायर सरळ कापली. गिअर असा, की वादळातही चौकट जागची हलू नये. त्याने हँडल मारून पॅनल सूर्याकडे फिरवलं आणि हात काढला. मोटर गुरगुरली. कापलेली वायर त्याच्या मुठीत होती. चौकट हँडलसकट परत घराकडे वळली, बेताने, कुणाला धक्का लागू नये अशी.

शिडीवरून उतरून तो मागच्या खोलीकडे निघाला. उन्हात उभ्या पॅनलांच्या पाठी तापून निघाल्या होत्या, आणि बॅटरीत थेंबभर वीज जात नव्हती.

"काय झालंय?" ताईने विचारलं.

"बिघाड आहे."

"तुझं तोंड का असं झालंय?"

"बिघाड मोठा आहे."

दाजी नळीतून हसले. "बहिणीशी खोटं बोलायची सवय नाही हो तुम्हाला, मेहुणे. तिच्याकडून शिका." पण त्यांची नखं निळी पडू लागली होती.

सिलिंडर शहरातल्या दवाखान्यापर्यंत पुरला असता. ताईने स्वतःची गाडी काढली. "तू इथेच राहा," ती म्हणाली. "संध्याकाळी यांना परत आणते. तोवर ही थेरं बंद कर."

गाडी फाटकातून बाहेर पडली. पॅनलं तिच्याबरोबर रस्त्याकडे वळली, त्यांचा रोख उतारापर्यंत गेला. गाडी दिसेनाशी झाली तरी ती तसूतसूने सरकत राहिली. फिटरने उरलेल्या सगळ्या वायरी कापल्या. मग सेन्सर पान्याने फोडले. दुपार कलल्यावर पॅनलं थांबली, सहाच्या सहा एकाच रोखाने, शहराच्या दिशेने. त्याने फोन लावला.

"पोचलो रे," ताई म्हणाली. "आत घेतलंय. मला बाहेर बसवलंय."

"बरे आहेत?"

"जाताना नर्सला म्हणाले, तुमचा पंखा माझ्यापेक्षा जास्त धापा टाकतोय." ती हसली. "आता दार लावलंय. बरीच पळापळ चाललीय."

त्याच क्षणी मोटरी गुरगुरल्या. पॅनलं शहराकडून परत निघाली.

"ताई, दाजी कुठे आहेत?"

"आत आहेत म्हटलं ना."

"तू बघतेयस त्यांना?"

"दार बंद आहे रे. तू असं काय विचारतोयस?"

त्याने फाटकाबाहेर पाहिलं. रस्ता रिकामा होता. धूळसुद्धा उडत नव्हती. पॅनलांचा रोख उताराच्या माथ्यावर आला आणि तिथून खाली, चाचणीच्या दिवशी दाजी चालले होते त्या चालीने, मध्ये मध्ये दम घ्यायला थांबत. फोन दोघांनीही ठेवला नव्हता.

"अजून कुणी बाहेर आलं नाही," ताई म्हणाली.

इकडे पॅनलांचा रोख कुंपणाच्या बंद फाटकावर येऊन थांबला होता.