रस्त्याच्या रंगाचे केस

मित्रांनो, विवीने आज पुन्हा माझ्यावर कॉफीचा गरम कप ठेवला. चाळीस वर्षे मी या पार्लरची अब्रू सांभाळली आणि ही पोरगी मला बशी समजते.

मी एक जुनी रंगवही आहे. फिनलंडमधल्या ईसाल्मी गावात आउनेबाईंच्या पार्लरमध्ये राहते. विवी ही त्यांची नात, हल्ली पार्लर तीच चालवते. माझ्यात वाचायचे फारसे काही नाही. पानापानांवर नकली केसांचे झुबके आहेत. कारखान्यातल्या बायकांनी ते एकेक करून हाताने वळले आणि माझ्यात खोवले. प्रत्येकाखाली एक आकडा आहे. मी शिकलेली नाही, पण आकडे मला पक्के येतात. टिंबाआधीचा आकडा केस किती गडद ते सांगतो. एक म्हणजे काळाभोर, दहा म्हणजे अगदी फिकट. टिंबानंतरचा आकडा झाक सांगतो. एक राखी, तीन सोनेरी, चार तांबूस, आणि शून्य म्हणजे झाकच नाही. एवढे कळायला काही शाळा लागत नाही.

आउनेबाई आधी मला गिऱ्हाइकाच्या मांडीवर ठेवत आणि म्हणत, "तोंडाने रंग सांगू नकोस. बोट ठेव." मग विचारत, "आधी काय काय लावलंयस? खरं सांग, केस काही लपवत नाहीत." गोठ्यातले काम उरकून आलेल्या बायका मला उघडण्याआधी हात पुसत. फार मान होता मला. तांबूस पान तर इतक्या बोटांनी झिजले की त्यातला एक झुबका गळूनच पडला. पुढे प्रत्येकीच्या हातात फोन आला. मी खिडकीत पडून राहिले, उन्हाने फिकी झाले. थकले मी आता.

गेल्या गुरुवारी ओना आली. शनिवारी तिला शाळा संपल्याची पांढरी टोपी मिळायची होती. ती टोपी घालून काढलेला फोटो आमच्याकडे घराच्या भिंतीवर जन्मभर राहतो. हिवाळ्यात हौसेने तिने केसांतला सगळा रंग काढून टाकला होता आणि आता फोटोत तिला स्वतःसारखे दिसायचे होते. आमच्याकडे बहुतेकांचे केस मातीच्या रस्त्यासारखे असतात, ना धड तपकिरी ना धड सोनेरी. त्याला आम्ही रस्त्याचाच रंग म्हणतो.

"माझा जुना रंग दे. राखी," ओना म्हणाली. तिने तो शब्द फोनवर वाचला होता.

विवीने मला उघडले नाही. सरळ सात टिंब एक कालवला आणि लावला. मित्रांनो, रंग काढलेला केस आतून रिकामा असतो. त्यावर नुसती राखी झाक चढवली की हिरवा होतो. झालाच. तळ्यातल्या शेवाळासारखा.

"बरं वाटतंय ना?" टॉवेलाची घडी घालता घालता विवीने विचारले.

"हो. छान झालंय," ओना म्हणाली आणि निघून गेली.

असेच असतात आमचे लोक. ज्या हातांनी केस धुतले त्या हातांना नावे ठेवायची म्हणजे जिभेवर दगड ठेवल्यासारखे होते. घरी जाऊन रडतील, पण खुर्चीत बसून बोलणार नाहीत.

शुक्रवारी आउनेबाईंना ओना बाजारात दिसली. जूनचे ऊन आणि डोक्यावर लोकरीची टोपी! बाईंनी तिला मनगटाला धरून पार्लरमध्ये आणले आणि टोपी काढली.

"अगं बाई! विवी, हे डोकं आहे की कुरण?"

"आजी, तीच राखी म्हणाली. आणि छान झालंय असंही म्हणाली."

"म्हणणारच! तू तरी कधी डॉक्टरला सांगितलंस, सुई दुखली म्हणून?"

ओना हसली आणि मग रडली. "उद्या मी पांढरी टोपी घ्यायला शाळेत जाणारच नव्हते," ती म्हणाली.

बाईंनी कप उचलून मला पुसले आणि ओनाच्या मांडीवर ठेवले. "बोट ठेव, पोरी." ओनाने सात टिंब शून्यावर बोट ठेवले. "बघ, हिला राखी रंग नकोच होता. आधी सोनेरी आणि तांबूस भर, म्हणजे केसाला आतून आधार मिळेल. मग सात टिंब शून्य," बाई म्हणाल्या. विवीने तसे केले. संध्याकाळी आरशात ओनाचे डोके पुन्हा रस्त्याच्या रंगाचे दिसले. या वेळी ती आरशासमोरून लवकर उठलीच नाही.

मित्रांनो, पार्लरला जाल तेव्हा शब्दावर विसंबू नका, बोट ठेवा. आधी केसांना काय केले ते सांगा. नाही आवडले तर खुर्चीतच सांगा. आणि माझ्यासारख्या जुन्यांना अधूनमधून उघडत जा.

आता सगळे घरी गेलेत. विवी एकटीच फरशी पुसते आहे. तिला ऐकू जावो न जावो, आज मी मोठ्याने बोलते:

"विवी, रंग चुकला तो चुकला, त्याचं मला काही नाही. ती पोरगी 'छान' म्हणाली तेव्हा तिचे डोळे भरले होते आणि तू टॉवेल बघत होतीस. तुला रंग लावता येतो गं, विचारता येत नाही. ते येईपर्यंत या पार्लरची मालकीण आउनेच."