भेगेतली पांढरी पट्टी

साहेब, कुलूप तुम्ही लावलंत. त्या भोंदू बाबाने फक्त कारण पुरवलं. तंबू आले नव्हते, लोक रस्त्यावर दिसले असते तर बोभाटा झाला असता. म्हणून भूकंपात बेघर झालेली तीनशे माणसं तुम्ही तडे गेलेल्या सभागृहात कोंडलीत, आणि त्यांना कधी सोडायचं ते बाबाच्या एका कागदाच्या पट्टीवर सोपवलंत: सलग तीन दिवस पांढरी राहिली तरच दार उघडणार.

रोज सकाळी बाबा पट्टी ओली करून खिडकीत टांगायचा. ती निळी पडली की गर्दीचे हात जोडले जायचे.

"धरणीने विषारी श्वास सोडला! उंबरा ओलांडाल तर गडप व्हाल!" बाबा गरजायचा.

एकदा पट्टी निळी झाली आणि दुपारी हादरा बसला. झालं, बाबा देव झाला. पट्टी पांढरी असताना दोन हादरे बसले, ते कुणाच्या लक्षातही राहिले नाहीत.

"अहो, ही तर आमच्या प्रयोगशाळेतली पट्टी!" कोंडलेल्यांतली एक मावशी नवऱ्याला म्हणाली. कॉलेजात वीस वर्षं तिने असले कागद स्टार्च आणि आयोडाइडमध्ये बुडवून वाळवले होते. हवेत ओझोन असला की ते निळे पडतात.

"गप्प बस, लोक मारतील," नवरा पुटपुटला. त्याचं डायलिसिस परवा चुकलं होतं. पाय सुजून टम्म झाले होते, धाप लागत होती.

मावशी उठली. बाबाच्या डब्यातून दोन पट्ट्या उचलून तिने ओल्या केल्या. एक खिडकीत बांधली, दुसरी दोऱ्याने फरशीच्या भेगेत खोल सोडली.

"श्वास जमिनीचा ना? मग भेगेतली आधी निळी व्हायला हवी."

तासाभराने खिडकीतली निळी झाली. भेगेतली पांढरीफटक.

"ती पट्टीच खोटी आहे, बाई!" बाबा खेकसला.

"तुमच्याच डब्यातली आहे, महाराज." तिने ती पुन्हा ओली करून खिडकीत धरली. तासाभरात तीही निळी झाली. मागून कुणीतरी खो खो हसलं.

"शहरांच्या धुरावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो, उंचावरच्या हवेतही तो असतो," मावशी म्हणाली. "तिकडचा वारा आला की पट्टी निळी, वारा फिरला की पांढरी. भूकंपानंतर हादरे बसतच राहतात. दोन्ही एका दिवशी घडलं म्हणजे एकाने दुसरं सांगितलं असं होत नाही. डोकं वापरा!"

लोक दाराकडे धावले. बाहेरचा शिपाई दाराच्या गजांतून म्हणाला, "ताई, पटतंय हो. पण वरून ऑर्डर आहे."

साहेब, पट्टीचा निकाल लागला. आत एक माणूस श्वासासाठी तडफडतोय आणि छताचा चुना गळतोय. आता कशाची वाट बघताय? बोला!