ओढ्याकाठचा नमुना

बाईंनी बेडकाला स्पिरिटच्या बरणीत सोडलं आणि तोंड फिरवलं. आतून काचेवर टकटक होत राहिली, मग थांबली.

कीटकनाशकांचा धोका तपासणाऱ्या खात्यात बाईंची नोकरी होती. ओढ्यालगतच्या बागांवर विमानाने फवारणी व्हायची होती आणि याच ओढ्यात तो बेडूक होता, जगात इतरत्र कुठेही नसलेला. बाईंनी आधी साहेबांना त्याचे फोटो दाखवले होते, आवाज ऐकवला होता. साहेब गोड हसले. खात्याचा नियम एकच: नमुना टेबलावर, तरच प्राणी आहे. नियम करणाऱ्यांनी कधी ओढ्यात पाय घातला नसावा.

बाई बरणी घेऊन ऑफिसात पोहोचल्या. साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवून बेडूक उजेडात धरला. त्यांचा चेहरा अगदी खुलला.

"शाब्बास! तोच आहे हो. चहा घेणार?"

"नको. आता फवारणी थांबेल ना, साहेब?"

"थांबवू की. तिथे अजून किती आहेत?"

ओढ्याच्या कपारीत एक मादी होती, पोटात अंडी असलेली. तिच्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, असं त्यांनी वाटेतच ठरवलं होतं. साहेबांचा स्वभाव त्या ओळखून होत्या.

"हा एकच सापडला."

"अरेरे." साहेबांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "म्हणजे तिथे आता कुणीच उरलं नाही. मग फवारणी अडवायची कुणासाठी?"

त्यांनी परवानगीचा कागद पुढे ओढला. बाईंनी कागदावर हात ठेवला. आपण त्याला फुकट मारलं, एवढंच त्यांच्या डोक्यात घुमत होतं.

"थांबा, साहेब! एक मादी आहे. जिवंत आहे. मी स्वतः पाहिली."

"अहो, मग आधी नाही का सांगायचं?"

"अंडी आहेत तिच्या पोटात. तिला तेवढं सोडा."

"सोडायला मी कोण? पण नुसत्या तोंडच्या शब्दावर कसं मानू, बाई?"

साहेब उठले. कपाटातून एक रिकामी बरणी काढून त्यांनी रुमालाने आतून स्वच्छ पुसली आणि बाईंच्या हातात दिली.

"घेऊन या तिला. उद्या दुपारपर्यंत विमान अडवून धरतो मी, खास तुमच्यासाठी."