न लागलेला दिवा

गल्लीत तिला सगळे वायरमनबाई म्हणत आणि ते नाव ती पदवीसारखं मिरवायची. तिने जोडलेला दिवा लागला नाही, असं कधी झालं नव्हतं. म्हणून शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनाच्या सकाळी, लेक अंघोळीला गेलेली असताना, तिने पोरीचा प्रयोग सहज चालवून पाहिला. तारा साखरेच्या पाण्यात होत्या, बॅटरी नवी होती, पण दिवा ढिम्म. परीक्षकांसमोर फजिती, तीही वायरमनबाईच्या मुलीची? तिने दोन्ही तारांना मध्येच एक बारीक तार जोडली, वर काळी टेप गुंडाळली आणि सवयीने टेपचं टोक दुमडलं. दिवा लख्ख लागला. पोरीला उगाच घोर नको म्हणून ती काही बोलली नाही.

शाळेत ती परीक्षकांच्या मागे ऐटीत उभी राहिली.

"साखर सहसंयुज आहे," लेक सांगत होती. "तिच्या पाण्यात दिवा लागणार नाही." तिने बटण दाबलं. दिवा लागला.

कुणीतरी खुदकन हसलं. वायरमनबाईच्या तोंडचं पाणी पळालं. लागायचाच नव्हता?

लेकीने तारा पाण्याबाहेर काढल्या. दिवा तरीही चालूच. मग तिला टेपचं दुमडलेलं टोक दिसलं. असं टोक दुमडणारं माणूस तिच्या ओळखीत एकच होतं. तिने टेप सोडवली, बारीक तार काढली, तारा पुन्हा साखरेच्या पाण्यात बुडवल्या. दिवा विझलेलाच राहिला. शेजारच्या भांड्यातल्या मिठाच्या पाण्यात बुडवल्या तेव्हा मात्र लागला.

"मिठाचे आयन पाण्यात सुटे होतात, ते वीज नेतात. साखरेतले अणू इलेक्ट्रॉन वाटून घेतात आणि एकमेकांना धरून राहतात. विरघळली तरी रेणू अख्खाच. वीज न्यायला मोकळं कुणी नसतं."

"आणि ही जादाची तार?" परीक्षकांनी विचारलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं वायरमनबाईला झालं.

"ती आईची. तिला न लागलेला दिवा बघवत नाही. पण हे सगळं जोडायला तिनेच शिकवलंय मला, म्हणून चूक लगेच सापडली."

वायरमनबाईचा ऊर नुसता भरून आला होता.

घरी येताना कोपऱ्यावरच्या शिंप्याने हटकलं, "काय बाई, लागला का पोरीचा दिवा?"

"नाही लागला," ती मान ताठ करून म्हणाली. "मला नसतं जमलं हो ते."