माझी ऐकती बाजू

मित्रांनो, माझ्याकडे बघून लोक काय काय समजतात ते ऐकाल तर हसाल. कुणाला मी दाढीचं यंत्र वाटतो. एका पाहुण्याने तर मला मिरपुडीची डबी समजून उचललं होतं. असो. मी माइक आहे. जुना आहे, वजनदार आहे आणि डोक्यावर जाळी आहे. सभेत तोंडाशी धरून ओरडायचा तो माइक वेगळा, तो माझा चुलतभाऊ. त्याच्या डोक्यात बोलतात, माझ्याशी समोरून बोलायचं असतं. आणि समोर म्हणजे माझी एकच बाजू. पाठीमागून कुणी कितीही जीव तोडून गायलं तरी मला ते भिंतीपलीकडच्या बोलण्यासारखं ऐकू येतं. मला बनवलंच आहे तसं. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते एवढ्याशा गोष्टीमुळे झालं.

ज्या कारखान्यात मी घडलो, तिथल्या एका बाईने माझ्या छातीत सोन्याचा मुलामा दिलेला पातळ पापुद्रा बसवला. बसवताना तिने श्वास रोखून धरला होता. मग माझ्या पुढच्या अंगावर एक लाल ठिपका दिला गेला, कोणत्या बाजूने बोलायचं ते लोकांना कळावं म्हणून. तिथून मी एका रेकॉर्डिंगच्या खोलीत गेलो. जाहिराती, बातम्या, नाटकं, गाणी, सगळं मी ऐकलं. तिथला रेकॉर्डिस्ट भारी खडूस. मला कुणी बोट लावलं तरी तो अंगावर धावून जायचा. पण काम संपलं की मऊ कापडात गुंडाळून ठेवायचा. गायक मंडळी माझं कौतुक करायची आणि तो आपल्याच पोराचं कौतुक ऐकल्यासारखा फुलायचा.

तो निवृत्त झाला आणि माझे दिवस फिरले. नव्या लोकांना नवी यंत्रं हवी होती. एकाने एकदा साफसफाईच्या उत्साहात मला स्पिरिटने खसाखसा घासलं. माझा ठिपका गेला. मी चकचकीत झालो म्हणून त्याला शाबासकीही मिळाली! पुढची कित्येक वर्षं मी सडलेल्या बॅटऱ्यांबरोबर एका खणात काढली आणि शेवटी जुन्या सामानाच्या दुकानात जाऊन पडलो. माझ्या एका बाजूला फुटका स्पीकर होता, दुसऱ्या बाजूला तार तुटलेलं व्हायोलिन. आम्ही तिघं नुसते धूळ खात होतो.

तिथून मला एका बाईने घेतलं. ती घरी मुलांना गिटार शिकवायची. तिचा नवरा बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायचा. कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागली, कोणती रखडली, हे सांगण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. आवाज असा की बाकावर झोपलेला प्रवासी दचकून उठायचा आणि पिशवी शोधायला लागायचा. संध्याकाळी मात्र तो हळू आवाजात गायचा आणि ती वाजवायची. लग्न झाल्यापासूनचा त्यांचा तो नेम होता. दोघं समोरासमोर खुर्च्या टाकून बसत, कारण कडवं कुठे उचलायचं हे त्याला जन्मात जमलं नाही. तिने मान हलवली की तो सुरू व्हायचा. बाजूबाजूला बसून ते कधी गायलेच नाहीत.

मग त्याचा घसा बसला आणि बसलेलाच राहिला. तपासण्या झाल्या. गळ्यात गाठ निघाली. जीव वाचवायचा तर स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. सोमवार ठरला. तोवर गायलात तरी चालेल, पण ताण देऊ नका, असंही ते म्हणाले. त्या दिवशी घरी आल्यावर तो बायकोला एवढंच म्हणाला, "मी राहीन गं. पण आवाज गेल्यावर या घरात माझं काय वाजणार?" दुसऱ्याच दिवशी ती दुकानात आली आणि मला घेऊन गेली. त्याची गाणी सोमवारच्या आत माझ्यात उतरली पाहिजेत, एवढंच तिला हवं होतं.

मला बसवायला तिचा धाकटा भाऊ आला. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. प्रत्येक गोष्टीतलं त्याला कळायचं, म्हणून मी मनातल्या मनात त्याला पंडित म्हणायचो. पंडिताने मला दोन खुर्च्यांच्या मधोमध स्टँडवर उभं केलं, उलटसुलट फिरवून बघितलं. दोन्ही बाजू सारख्याच! मग वायर नीट टेबलाकडे जाईल अशा बेताने मला वळवून आवळून टाकलं. टेबल होतं बहिणीच्या खुर्चीमागे. म्हणजे माझा चेहरा तिच्याकडे आणि पाठ त्याच्याकडे. पंडिताने टेबलाजवळूनच "हॅलो, हॅलो" केलं, मग पुढे येऊन जाळीवर नखाने टकटक केलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आवाज मोजणारी हिरवी पट्टी टणाटण उड्या मारायला लागली. पंडित खूश.

पहिलं गाणं झालं आणि त्यांनी ते ऐकलं. गिटार अगदी खणखणीत. आणि त्याचा आवाज? कुठेतरी लांब, मोरीत बसून गुणगुणल्यासारखा.

पंडित कामाला लागला. त्याने कष्ट कमी घेतले नाहीत, उगाच खोटं कशाला बोलू? आवाज वाढवायचं बटण पिळलं, तर गिटारचा आवाज फाटला आणि लाल दिवा पेटला. मग बहिणीला हळू वाजवायला सांगितलं. ती बिचारी नखं न लावता अंगठ्याच्या मांसाने वाजवायला लागली. बटण आणखी पिळलं, तर त्याच्या आवाजाबरोबर फ्रिजची घरघर आणि नुसती सूं सूं वर आली. वायर बदलली. माझा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारी डबी बदलली. कॉम्प्युटरमधली सगळी सेटिंग्ज बदलून झाली. भिंतींवर गोधड्या टांगल्या. मला उचलून नवऱ्याच्या वीतभर जवळही नेलं, पण पाठ तशीच. सगळं केलं, फक्त उठून त्या समोरच्या खुर्चीत बसून एक शब्द बोलून बघितलं नाही. मित्रांनो, मला तोंड असतं ना, तर मी त्या पंडिताला चांगलं फैलावर घेतलं असतं.

मग व्हायचं तेच झालं. गिटार नीट येते, म्हणजे यंत्र नीट आहे. यंत्र नीट आहे, म्हणजे खोट दुसरीकडे आहे. पंडित खाली बघत, शक्य तितक्या हळू म्हणाला, "भाऊजी, मशीन ठीक आहे हो. आवाजच कमी पडतोय."

बायको लगेच म्हणाली की मला तर चांगला ऐकू येतोय. नवरा हसला. तुला सवय आहे म्हणून येतोय, म्हणाला. मशीन कशाला खोटं बोलेल?

अहो, मशीन खोटं बोलत नव्हतं, पण त्याच्याबद्दल काही बोलतच नव्हतं! त्याचा आवाज होता. पाठीमागून का होईना, मला तो कळत होता. थोडा खरखरीत झाला होता, पण भरलेला होता. आयुष्यभर मी गाणारेच ऐकले आहेत, मला कळणार नाही तर कुणाला कळणार?

पुढच्या संध्याकाळी तो जोर लावून गायला. मानेच्या शिरा ताठ झाल्या. बायको पुरे म्हणाली तरी थांबला नाही. मग खोकला आला. त्याने रुमाल तोंडाला लावला, बघितला आणि घडी घालून खिशात ठेवला. तिने त्यावरचा लाल डाग पाहिला होता. पट्टी जेमतेम हलली होती.

रविवारी ती गिटार घेऊन बसली. तो समोर बसला, पण गायला नाही. "राहू दे," म्हणाला. "डॉक्टरने काढायच्या आधीच तो गेलाय. असला आवाज घरात ठेवून काय करायचंय?" माइक झाकून ठेव, असं त्याने तिला सांगितलं. त्यानंतर तो दिवसभर जवळजवळ बोललाच नाही. त्याला लाज वाटत होती. बोलता येण्याचा तो त्याचा शेवटचा दिवस होता आणि तो त्याने गप्प राहून घालवला. हे मला अजून सहन होत नाही.

सोमवारी ऑपरेशन झालं. तो वाचला. घरी आला तेव्हा गळ्याला समोर एक भोक होतं आणि श्वास तिथूनच आत-बाहेर करत होता. जे सांगायचं ते तो हाताने सांगायचा.

बऱ्याच दिवसांनी बाईने शिकवणीतल्या मुलांसाठी एक धडा रेकॉर्ड करायला घेतला. तिच्या खुर्चीवर त्याच्या औषधांची टोपली आणि कापसाची गुंडाळी होती, म्हणून ती त्याच्या खुर्चीत बसली. माझ्यावरचं फडकं काढलं, चारपर्यंत अंक मोजले, तारा छेडल्या. पट्टी हलेना. तिने वायर दाबून बघितली. पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच.

मग तिचा हात थांबला. ती उठली, वळसा घालून आपल्या जुन्या खुर्चीशी आली आणि उभ्या उभ्या एकच तार छेडली. पट्टी उसळली. पुन्हा त्याच्या खुर्चीत. काही नाही. तिने माझी मान धरली, मला हळूहळू अर्धं वळवलं आणि ती बोलली, "ऐकू येतंय?" पट्टी उसळली.

ती तिथेच फरशीवर बसली. "अगं आई गं," एवढंच म्हणाली आणि मग तोंडात पदर कोंबून रडली. मी तिच्यासमोरच होतो, मला सगळं स्वच्छ ऐकू आलं.

आतून तो आला. तिने काही लपवलं नाही. "तुमचा आवाज गेला नव्हता हो," ती म्हणाली. "माइक माझ्याकडे वळलेला होता."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी शिव्यांची वाट बघत होतो. फेकला असता तरी माझी तक्रार नव्हती. पण तो आपल्या खुर्चीत येऊन बसला आणि तिला वाजवायची खूण केली. तिने टोपली खाली ठेवली, गिटार घेतली, बटण दाबलं. रविवारचं राहिलेलं गाणं ती वाजवायला लागली. त्याने तोंड उघडलं. ओठांवर सगळे शब्द होते. आवाज कुठलाच नव्हता. गळ्यातल्या भोकातून नुसता श्वास येत होता, ओळीओळीला कमी-जास्त होत होता. त्याला मी पहिल्यांदा समोरून ऐकलं. हिरवी पट्टी त्याच्या श्वासाबरोबर वर-खाली होत राहिली आणि गाणं संपेपर्यंत थांबली नाही.

ते रेकॉर्डिंग घरात आहे. ती अधूनमधून ते लावते, तो शेजारी बसून ऐकतो.

मित्रांनो, मला पुसा, कापडात गुंडाळा, ओलीपासून जपा, हे सगळं कराच. पण एखाद्याचा आवाज कमी येतोय असं वाटलं, तर त्याला जोरात बोल म्हणण्याआधी एकदा उठा आणि त्याच्या खुर्चीत बसून बघा.