बादलीतली खाडी

आमच्या शहरातल्या पर्वत पाटिया भागामागच्या खाडीचं पाणी सुधारलं, असं आठ महिने मीच सगळ्यांना सांगत होते. विद्यापीठात मी प्राध्यापक, आणि कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलवाल्यांच्या संघटनेशी करार मीच घडवून आणलेला. पाण्यातला प्राणवायू मोजणारं यंत्र आमचं, देखभालीला माणूस त्यांचा. त्यात एक अट मी हट्टानं घातली होती: आकडे फक्त यंत्राचे धरायचे, बाटलीत भरून आणलेला नमुना चालणार नाही. मिलवाले बाटलीत सोयीचं पाणी भरतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. फार शहाणी समजत होते मी स्वतःला.

यंत्राचा आलेख महिनोन्‌महिने सरळ रेषेत चालला होता. दुसऱ्या कुणी असा आलेख आणला असता, तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. स्वतःच्या आलेखावर मात्र भाषणं ठोकली, शाल-श्रीफळही घेतलं.

तीन नव्या डाइंग हाउसना खाडीत पाणी सोडू द्यायचं की नाही, ते सोमवारच्या सुनावणीत आमच्या आकड्यांवर ठरणार होतं. म्हणून शुक्रवारी खाडीवर गेले. पाणी जांभळं, काठाला मेलेले मासे. आणि यंत्राचं मोजणारं टोक पाण्यात नव्हतंच. ते शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये, बोअरच्या पाण्यानं भरलेल्या बादलीत होतं.

देखभालीचे धुडकू शहरातल्याच नवागाम भागात राहतात, मूळचे धुळ्याकडचे, साठीचे. रोज सकाळी पाणी बदलतो, असं त्यांनी अभिमानानं सांगितलं. हे कुणी शिकवलं, असं मी विचारलं.

“तुम्हीच सांगेल शे ना मॅडम, पोऱ्यासारखं सांभाळा. त्या पानीमा पोऱ्याले कोन ठेवस?”

उद्घाटनाच्या दिवशी मी खरंच तसं म्हणाले होते, फोटो काढताना. चिडायला मला तोंडच उरलं नाही.

मी ते टोक स्वतः खाडीत सोडलं आणि सोमवारपर्यंत हलवू नका म्हणून बजावलं. दोन-तीन दिवसांचे खरे आकडे पुरेसे होते.

सोमवारी सकाळी आमचे विभागप्रमुख श्रीकांत सर यांच्या खोलीत संगणक उघडला. शुक्रवारपासून प्रत्येक नोंदीपुढे ‘बिघाड’. नेहमीपेक्षा फार वेगळा आकडा आला, की आमचा प्रोग्राम तो बिघाड समजून टाकून देतो. नेहमीचे आकडे म्हणजे बादलीतले. तो प्रोग्रामही मीच मंजूर केला होता.

मी सरांना सगळं सांगितलं. बरोबर आणलेली खाडीच्या पाण्याची बाटली टेबलावर ठेवली. त्यांनी चहा मागवला, कराराची फाइल काढली आणि माझीच अट मला वाचून दाखवली. मग म्हणाले, आता बोललीस तर करार बुडेल, मुलांचे प्रबंध बुडतील, आणि पहिला पकडतील तो त्या धुडकूला. शेवटचं मला पटलं. खरं म्हणजे लपायला तेवढा आडोसा मला हवाच होता.

“यंत्र तीन दिवस बंद होतं, एवढंच लिही, मृणाल.”

मी लिहिलं.

दुपारी सुनावणीत खाडीकाठच्या वस्तीतल्या उषाबाई उभ्या राहिल्या. अधिकाऱ्यांकडे न बघता त्यांनी थेट मला विचारलं, “ताई, तुम्ही शिकलेल्या. खाडी जगेल ना?”

मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती. आकडे तसंच सांगतात, असं मी म्हणाले. त्यांनी मला हात जोडले आणि त्या खाली बसल्या.