दोन नाणी, तिघी जणी

न्हाणीघर घासायची पाळी पुन्हा मल्लीवर आली, तेव्हा तिनं चादरीवरची दोन्ही नाणी उचलली आणि एकेक करून दाताखाली दाबून पाहिली.

“खातेस की काय?” भवानी आपल्या खाटेवरून हसली. “नाश्त्याला उप्पिंडी आहे गं, थोडा धीर धर.”

मल्लीला हसू आलं नाही. ती शिवलीलाकडे बघत होती. शिवलीला आरशासमोर वेणी घालत होती आणि जरा जास्तच निवांत दिसत होती.

जनगामच्या पलीकडे मुलींच्या निवासी शाळेत आठवीतल्या या तिघी एका खोलीत राहायच्या. मल्लीश्वरी विणकराची, भवानी ताडी काढणाऱ्या गौडाची, आणि शिवलीला पोस्टमनची लेक, वर्गात कायम पहिली. खोलीचं न्हाणीघर रोज सकाळी एकीनं घासायचं आणि पाण्याचं पिंप भरून ठेवायचं. सुरुवातीला पाळ्या लावल्या होत्या. पण कुणाचं पोट दुखायचं, कुणाची परीक्षा असायची, आणि मग ‘काल मी केलं’, ‘परवा तू टाळलंस’ असं रोजचं रणकंदन. शेवटी वॉर्डन अक्का ओरडल्या, “तुमचं तुम्ही ठरवा, नाहीतर तिघींना संडासाला लावते!”

तेव्हा शिवलीलानंच तोड काढली होती. “दोन नाणी उडवू. दोन्ही छापे पडले तर मी. दोन्ही काटे पडले तर भवानी. एक छापा, एक काटा पडला तर मल्ली. तीन तऱ्हा, आपणही तिघी. भांडायलाच नको!”

मल्लीनं आनंदानं मान डोलावली होती. आता त्या मान डोलावण्याचा तिला पस्तावा होत होता. दुसऱ्या दोघींना काम लागायचंच नाही असं नव्हतं. पण त्या दोघींच्या मानानं खराटा हिच्याच हातात जास्त दिसायचा. कुठंतरी पाणी मुरत होतं.

आधी तिला शिवलीलाच्या अंगठ्याचा संशय आला, म्हणून तिनं स्वतः नाणी उडवायला सुरुवात केली. मग नाण्यांचा संशय आला, तर स्वयंपाकघरातल्या यादम्माकडून ती दुसरी दोन मागून आणली. चादरीच्या सुरकुत्यांचा संशय आला, तेव्हा नाणी फरशीवर पडू दिली. हात बदलले, नाणी बदलली, जागा बदलली. पाळी काही बदलली नाही.

रविवारी फोनवर तिनं आईला सांगितलं. आई म्हणाली, “दृष्ट लागली असेल पोरी. जिला बघवत नाही तिनंच लावली असेल.” झालं! संशयाला आईचाही दुजोरा मिळाला. घरून आलेल्या सकिनालूंचा, तांदळाच्या तळलेल्या कड्यांचा, डबा मल्लीनं पेटीत कुलूप लावून ठेवला. भवानीला गुपचूप दोन दिले, शिवलीलाला तुकडाही नाही. शिवलीला भवानीच्या कानात काही बोलली की मल्लीचे कान टवकारायचे. दोघी एकदम गप्प झाल्या की तिला वाटायचं, माझंच चाललं होतं.

आणि एके दिवशी जेवणाच्या ओळीत, हातात सांबाराचं ताट धरून, सगळ्यांसमोर तिच्या तोंडून निघून गेलं, “काहीतरी केल्याशिवाय रोज माझ्यावरच कशी येते गं पाळी? तू लबाडी करतेस.”

शिवलीलाचा चेहरा पडला. “मी? नाणी तूच उडवतेस की!”

“तेच तर! मी उडवूनही तुझ्याच मनासारखं पडतं.”

“अगं, वेड लागलंय का तुला?” शिवलीलाच्या डोळ्यांत पाणी आलं. ताटातलं अंडं तसंच टाकून ती ओळीतून निघून गेली. मल्लीला वाटलं, बघा, खाई त्याला खवखवे.

त्याच आठवड्यात पद्मजा टीचरनी गणिताचा नवा धडा काढला. संभाव्यता. त्यांनी एक फासा आणला होता. “सहा बाजू. चार पडायची संभाव्यता किती? आपल्याला हवी ती बाजू एक, एकूण बाजू सहा. सहात एक. पण एक लक्षात ठेवा हं, सगळ्या बाजूंना सारखीच संधी असली, तरच हा हिशेब खरा.”

मल्लीनं वहीच्या कोपऱ्यात मांडलं: तऱ्हा तीन, माझी एक, म्हणजे तिनात एक. मग निम्म्या वेळा माझ्यावर का येते? एकतर पुस्तक खोटं, नाहीतर नाणी.

मधल्या सुट्टीत ती टीचरांपाशी जाऊन उभी राहिली. खोलीतलं काही बोलली नाही. नुसतं विचारलं, “टीचर, दोन नाणी उडवली, तर एक छापा एक काटा पडायची संभाव्यता तिनात एकच ना?”

टीचर वह्या तपासत होत्या. त्यांनी पर्समधून एक रुपया आणि पाच रुपये काढून टेबलावर ठेवले. “उडव. आणि काय पडलं ते नाण्याचं नाव घेऊन सांग.”

मल्लीनं उडवली. “एक छापा, एक काटा.”

“नाव घेऊन म्हटलं ना मी!”

“रुपयाचा छापा… पाचाचा काटा.”

“पुन्हा.”

पुन्हा उडवली. दोन्ही काटे. पुन्हा. “रुपयाचा काटा, पाचाचा छापा,” असं ती म्हणाली आणि तिथंच थांबली. ही मघाची तऱ्हा नव्हती. मघाशी छापा रुपयावर होता, आता पाचावर. खोलीत दोन्ही नाणी एकसारखी असायची, म्हणून या दोन तऱ्हा एकच वाटायच्या. दोन्ही छापे, एकच मार्ग. दोन्ही काटे, एकच मार्ग. आणि मिसळ मात्र दोन मार्गांनी पडते.

“तऱ्हा चार आहेत टीचर,” ती हळूच म्हणाली. “त्यातल्या दोन माझ्या.”

“तुझ्या?”

“म्हणजे… मिसळीच्या.”

“शाबास. हे आपण वर्गात पुढं घेणार आहोत. तोवर कुणाला सांगू नकोस, त्यांनाही डोकं लढवू दे.”

व्हरांड्यातून परतताना मल्लीला आनंद व्हायला हवा होता. नाणी खरी होती, दृष्टबिष्ट काही नव्हती, आणि तरीही फसवणूक खरी होती. पण एक संशय फिटला तसा त्याच्या जागी दुसरा, आणखी कडू संशय येऊन बसला. नियम कुणी केला होता? शिवलीलानं. वर्गात पहिली कोण? शिवलीला. तिची थोरली बहीण जनगामला कॉलेजात शिकते. मग तिला हे ठाऊक नसेल?

थेट विचारलं तर ती ‘नाही’च म्हणणार. म्हणून मल्लीनं दुसऱ्या दिवशी सकाळी नाणी हातात घेऊन सहज विचारल्यासारखं केलं, “शिवा, आपण बदलू या का? दोन्ही छापे पडले तर मी. मिसळ पडली तर तू.”

आणि ती तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. ठाऊक असेल तर आता चेहरा बदलेल. कुरकुर करेल, नियम म्हणजे नियम म्हणेल.

शिवलीलाचा चेहरा खरंच बदलला, पण उजळला. जेवणाच्या ओळीतल्या त्या प्रकारानंतर मल्ली पहिल्यांदाच आपण होऊन तिच्याशी बोलत होती. “बदलू की! तुझ्या मनातलं किल्मिष जात असेल तर आजपासूनच. मला काय, कुठलंही चालेल.”

तिला ठाऊक नव्हतं. तिला काहीच ठाऊक नव्हतं.

तेव्हाच मल्लीनं सांगून टाकायला हवं होतं. शब्द ओठांपर्यंत आलेही. पण नाणी पडली, मिसळ पडली, शिवलीलानं हसत हसत खराटा उचलला; आणि मल्ली कितीतरी दिवसांनी सकाळी पुन्हा पांघरुणात शिरली. उद्या सांगू. टीचरनीच सांगू नको म्हटलंय ना!

उद्याचा परवा झाला. आता पिंप भरताना शिवलीलाच्या परकराचे काठ ओले व्हायचे. “माझे ग्रह फिरलेत बाई,” ती स्वतःवरच हसायची. तिनं नाणी दाताखाली दाबली नाहीत की कुणाकडून दुसरी मागून आणली नाहीत. तिच्या मनाला संशय शिवतच नव्हता, आणि मल्लीला तेच सोसत नव्हतं. तिनं कुलूप काढून सकिनालूंचा डबा शिवलीलापुढे ठेवला. शिवलीलानं मनापासून खाल्ले. मल्लीनं एकही उचलला नाही. आता भवानी नुसती बघायला लागली तरी तिला वाटायचं, हिला कळलंय.

पद्मजा टीचर दोन नाण्यांवर आल्या, त्या दिवशी मल्ली मागच्या बाकावर जाऊन बसली. “किती तऱ्हा?” टीचरनी विचारलं. शिवलीलाचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला.

“तीन!”

टीचरनी फळ्यावर चार जोड्या काढल्या. शिवलीला बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग तोंडावर हात ठेवून मागे वळली. तास संपल्याबरोबर ती धावत मल्लीच्या बाकापाशी आली. “मल्ली, अगं, माझा नियमच चुकला होता! उगाच किती दिवस राबलीस तू. तुझंच खरं होतं. मला माफ कर गं.”

भवानी मात्र फळ्याकडेच बघत होती. “थांब शिवा,” ती म्हणाली. “मिसळ आता तुझ्याकडे आहे. ही पाळी बदलली कुणी?”

शिवलीला मल्लीकडे बघायला लागली. अजूनही तिच्या नजरेत विश्वास होता. मल्ली काहीतरी साधंसं कारण सांगेल असा.

“मला ठाऊक होतं,” मल्ली म्हणाली. “बदललं तेव्हाच. तुला ठाऊक आहे का ते बघायचं होतं. नव्हतं. ते कळल्यावरही मी गप्प बसले.”

शिवलीला आपल्या बाकाकडे वळली. दप्तर उचललं आणि निघून गेली.

कित्येक दिवस त्या खोलीत नुसती भांडी आणि बादल्या वाजायच्या. न्हाणीघर मल्लीच घासायची, कुणी न सांगता. एका सकाळी शिवलीलानं तिच्या हातातला खराटा काढून घेतला. “हे नको. उपकार नकोत मला. सारखी वाटणी हवी.”

तिनं पद्मजा टीचरकडून फासा मागून आणला होता. एक-दोन पडले तर भवानी, तीन-चार पडले तर मल्ली, पाच-सहा पडले तर ती स्वतः. तिनं फाशाच्या सगळ्या बाजू निरखल्या, खिडकीच्या उजेडात धरून ठिपके मोजले, स्टीलच्या पेल्यात घालून खळखळवला.

“तू जरा लांब उभी राहा,” ती मल्लीला म्हणाली.

मल्ली दारापर्यंत मागे सरली. फासा फरशीवर घरंगळला. पाच.

“पडलं ते पडलं,” शिवलीला म्हणाली आणि पदर खोचावा तशी ओढणी कमरेला खोचून आत गेली. मल्ली रिकामी बादली घेऊन पिंपासाठी पाणी आणायला बोअरच्या नळाकडे निघाली. शिवलीलानं तिला अडवलं नाही.